आईला बसून पाहता आलेलं लग्न: नाशिकच्या एका द्राक्षमळ्यातलं प्रकरण

पहिल्याच भेटीत नवरीने अट घातली: "फुलं कुठलीही लावा, जेवायला काहीही करा, पण माझ्या आईला माझं लग्न बसून बघता आलं पाहिजे." थोरल्या बहिणीच्या लग्नात कोठीच्या खोलीची किल्ली, साड्यांच्या पिशव्या आणि मानपानाची यादी आईकडेच होती. अक्षता पडल्या तेव्हा ती आत नारळ मोजत होती. त्या लग्नाच्या अल्बममध्ये आई जवळपास नाहीच.

नाशिकमध्ये लग्नांचं नियोजन करताना 'आम्हाला निवांत, साधं, आपलं वाटेल असं लग्न हवंय' हे वाक्य सतत कानावर पडतं. बहुतेकदा त्याचा अर्थ सजावटीच्या रंगांपुरता असतो. या मुलीकडे मात्र तो मोजायचं माप होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं. पुढचा प्रत्येक निर्णय आम्ही त्या एका मापाने घेतला.

मुलगी नाशिकची, गंगापूर रोडला राहणारी. आजोळ निफाड तालुक्यातलं, मामा द्राक्ष बागायतदार. मुलगा पुण्याचा. जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती: गंगापूर धरणाच्या अंगाला, गिरणारेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा वाईनचा मळा. मोजक्या खोल्या, एक लॉन, तीन बाजूंनी वेलींच्या ओळी आणि पश्चिमेला मोकळं आकाश. १९९९ मध्ये सुला ही वायनरी सुरू झाली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि पुढे नाशिकच्या आसपास असे मळे वाढत गेले. आता तिथं लग्नंही लागतात.

दोघांनी सोबत आणलेला आराखडा दोन दिवसांचा आणि सात कार्यक्रमांचा होता. मेंदी, संगीत, पिवळ्या थीमची हळद, विंटेज गाडीतून वरात, फिरत्या स्टेजवर वरमाला, रिसेप्शन, डीजे. प्रत्येकाला वेगळे कपडे, वेगळी सजावट. मी त्यांना विचारलं, यातल्या कुठल्या कार्यक्रमात आई बसलेली असेल? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नवऱ्या मुलानेच पेन घेतलं आणि खोडायला सुरुवात केली.

तारीख: छाटणीवरून ठरलेली

द्राक्षमळ्यात लग्न म्हणजे शेतात लग्न, हे एकदा पटलं की तारखेचा विचार पंचांगाबरोबर छाटणीवरूनही करावा लागतो. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, जिला गोडी छाटणी म्हणतात. मे महिन्यात सुट्ट्याही असतात आणि मुहूर्तही, म्हणून खूप जण मे मागतात. पण तेव्हा खरड छाटणी नुकतीच झालेली असते, तारांवर फक्त कोवळी फूट असते आणि ऊन चाळिशीला भिडलेलं. नोव्हेंबरात मळा हिरवागार दिसतो खरा, पण तो डाऊनी आणि भुरी या वेलीवरच्या बुरशीच्या रोगांच्या धास्तीचा काळ. जरा ढगाळलं की फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर पडतो, आणि औषध मारलेल्या ओळींतून पाहुण्यांची लहान मुलं फिरवायची नसतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, म्हणजे मुहूर्त नाही.

उरतो फेब्रुवारी. घड पिकलेले, पानं अजून टिकलेली, आणि काढणीच्या आधी औषध थांबवावंच लागतं म्हणून फवारण्या बंद. फोटोंना याहून चांगला महिना नाही. अडचण एवढीच की हाच काढणीचा महिना, आणि नवरीचे मामा याच दिवसांत निर्यातीच्या मालात गळ्यापर्यंत बुडालेले असतात. मामाचा हात धरल्याशिवाय नवरी मांडवात कशी येणार?

बोलणी ऑगस्टमध्ये झाली हे बरं झालं, कारण फळ छाटणी अजून व्हायची होती. छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण सव्वाचार महिने धरतात. मामांनी एक प्लॉट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटला आणि दुसरा थेट ऑक्टोबरच्या अखेरीस. पहिल्याचा माल फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघाला, दुसरा मार्चमध्ये निघणार होता. मधला तिसरा आठवडा भाचीसाठी मोकळा. मुहूर्ताच्या याद्या घेऊन बसलेली घरं मी खूप पाहिली आहेत; बागेची छाटणी लग्नाभोवती बसवणारं घर पाहून मला फार आनंद झाला. या मळ्याशी त्या कुटुंबाचं नातं देखाव्यापलीकडचं आहे, हे मला तिथं समजलं.

वार गुरुवार घेतला, कारण शनिवार-रविवारी धरणाच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. बारावीची परीक्षा चालू असल्याने एक मावसबहीण फक्त संध्याकाळपुरती येऊ शकली. ते टाळता आलं नाही.

आजीचा आक्षेप

नवरीच्या वडिलांच्या आई माळकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला न चुकता जाणाऱ्या. जागा कळताच त्या एवढंच म्हणाल्या, "दारूच्या कारखान्यात नातीचं लग्न लावणार का रे?" आणि त्यांनी तो विषय तिथंच संपवला.

घरच्यांना वाटलं, समजूत घालू. मी म्हटलं, समजूत नको, आजींना मळ्यात घेऊन जाऊ. डिसेंबरात एका सकाळी त्या आल्या. लॉन कुठे, टाक्या कुठे, वाईन चाखायची खोली कुठे, हे त्यांनी चालत पाहिलं. लॉन पूर्वेला आहे आणि वायनरीची इमारत ओळींपलीकडे, तिथून दिसतही नाही. मग त्यांनी स्वतःच्या अटी सांगितल्या. देवक आणि हळद राहत्या घरीच. गुरुजी घरचेच. ताटात कांदा-लसूण नसलेला एक तरी पूर्ण स्वयंपाक. आणि जिथं अग्नी साक्षीला असेल तिथं बाटली दिसता कामा नये.

त्यांच्या चारही अटींनी लग्न सुधारलं असं माझं मत आहे. हळद घरी झाल्याने मळ्यातला एक अख्खा कार्यक्रम, त्याचे कपडे, त्याची सजावट, त्याची धावपळ गळाली. घरी आदल्या दिवशी सकाळी आंब्याच्या पानांनी हळद लावली, मोलकरणीच्या नातीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे आले आणि दुपारी साधं जेवण झालं. वाईनचं म्हणाल तर ती लॉनवर आलीच नाही. लॉनवर द्यायची असती तर उत्पादन शुल्क विभागाची त्या दिवसापुरती परवानगी काढावी लागली असती. ज्यांना घ्यायची होती त्यांनी जेवणानंतर मळ्याच्या स्वतःच्या परवान्यातल्या गच्चीवर जाऊन घेतली, तीही एकवीस वर्षं पूर्ण असलेल्यांनीच. मुलाच्या मित्रांना हे थोडं मिळमिळीत वाटलं. वाटू दे. ज्या मातीतून आलेलं पीक तीन बाजूंना उभं आहे, तिथं त्या पिकाची ओळख पटवायला हातात ग्लास असायलाच हवा असं नाही.

आईचे हात रिकामे कसे झाले

खरं काम इथं होतं. लग्नाच्या दिवशी मुलीची आई बसू शकत नाही याचं कारण पाहुण्यांची संख्या नसते, देण्याघेण्याच्या वस्तू असतात. विहिणीची साडी, करवल्यांचे आहेर, मानाचे नारळ, ओटीचं सामान, कोणाला टोपी आणि कोणाला उपरणं. हे सगळं तिच्याच डोक्यात असतं, म्हणून ती जागेवरून उठत राहते.

म्हणून सगळा मानपान आम्ही केळवणांवर हलवला. जानेवारीभर दोन्हीकडची केळवणं चालू होती. जिथं जायचं तिथं त्या घरचा मान त्याच दिवशी देऊन टाकायचा. पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापलं आणि दारात पाकिटं घ्यायला कोणी बसवलं नाही. लग्नाच्या दिवशी मळ्यात साड्यांची एकही पिशवी आली नाही. विधीचं सामान गुरुजींच्या यादीप्रमाणे क्रमवार डब्यांत भरून, डब्यांवर नाव लिहून आमच्या माणसाकडे दिलं. किल्ल्याही त्याच्याकडेच. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी मळ्यातल्याच व्हरांड्यात, दोन्हीकडच्या जवळच्या माणसांत उरकलं.

पाहुणे दीडशे ठरले. यावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तो पूर्ण मिटला असं मी म्हणणार नाही. वडिलांचे एक चुलतभाऊ, ज्यांच्या घरची सगळी माणसं बोलावता आली नाहीत, ते लग्नाला आलेच नाहीत. भावकी मोठी असलेल्या घरात छोट्या लग्नाची ही किंमत असते आणि ती आधी सांगून ठेवावी.

त्या गुरुवारी

मळ्याचा दिवस आमच्या आधी सुरू झाला होता. वाईनची द्राक्षं थंडाव्यात तोडतात, म्हणून पहाटे चारला डोक्याला दिवे लावून मजूर ओळींत शिरलेले. नऊच्या सुमारास शेवटचे क्रेट ट्रॅक्टरवर चढले. मंडपवाल्यांना आम्ही दहाच्या आत फाटकातून येऊच दिलं नाही. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: मंडपवाला रात्रीच ट्रक लावतो आणि सकाळी ट्रॅक्टर अडकून पडतो. लॉनचं पाणी दोन दिवस आधी बंद करून घेतलं होतं, नाहीतर खुर्च्यांचे पाय आणि बायकांच्या टाचा मातीत रुततात.

पाहुणे साडेतीनपासून यायला लागले. चहा, कच्चा चिवडा, ताज्या द्राक्षांचा रस. रसाच्या आणि जिलबीच्या भांड्यांवर बारीक जाळी, कारण काढणीच्या दिवसांत गोडाच्या वासाला गांधीलमाश्या येतात.

त्यानंतर साडेचार ते सहा या वेळेत आम्ही काहीही ठेवलं नव्हतं. नियोजनात हीच ओळ सगळ्यांना खुपत होती. "एवढा वेळ लोक काय करणार?" मुलाच्या वडिलांनी तीनदा विचारलं होतं. लोकांनी काय केलं ते सांगतो. मामा मळ्याच्या सुपरवायझरला घेऊन ओळीत शिरले. खिशातून द्राक्षाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला (लग्नाच्या कपड्यांत!), एक मणी चिरडून थेंब काचेवर टाकला, उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, वाचला आणि सुपरवायझरच्या हातात दिला. दोघं मग बराच वेळ बोलत राहिले, एकाची बाग खाण्याच्या द्राक्षांची, दुसऱ्याची वाईनची, पण पाण्याचं, मजुरांचं आणि अवकाळीचं दुखणं एकच. मुलांनी परवानगी घेऊन मणी तोंडात टाकले आणि बारीक, जाड सालीचे, बियांचे निघाले म्हणून वेडीवाकडी तोंडं केली. दोन्हीकडच्या आज्या सावलीत शेजारी बसल्या आणि त्यांची एक लांबची ओळख निघाली.

आणि याच मोकळ्या वेळेने लग्न वाचवलं. पुण्याहून मुलाच्या मित्रांची आणि काही नातेवाइकांची बस सकाळी निघाली होती, ती अडीचपर्यंत पोचायला हवी होती. चंदनापुरी घाटाअलीकडे एक ट्रक आडवा झाल्याने बस तिथंच खोळंबली आणि पाच वाजून गेल्यावर मळ्यात शिरली. जुन्या आराखड्यात साडेचारला वरात होती आणि वरातीत नाचणारे सगळे त्याच बसमध्ये. तसं असतं तर दोन्हीकडचे बाप फोन कानाला लावून फाटकाशी उभे दिसले असते. इथं लोक उतरले, तोंड धुतलं, चहा घेतला. फाटकापाशी नाशिक ढोल वीसेक मिनिटं मनसोक्त वाजला, सगळे नाचले, आणि सहाला सगळे जागेवर बसलेले होते. नवरीच्या आईला बसला उशीर झाल्याचं कळलं ते दुसऱ्या दिवशी.

मुहूर्त गोरज धरला होता. नवरीला मावळतीचा उजेड हवा होता आणि गुरुजींना शास्त्राधार. गोरज मुहूर्ताने दोघांचंही समाधान झालं. त्या आठवड्यात नाशिकला सूर्य साडेसहाच्या जरा नंतर मावळतो.

एक पेच शेवटपर्यंत उरला होता. वडिलांच्या घरात रीत अशी की मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई मांडवात थांबत नाही, ती तुळशीला पाणी घालत बसते. नवरीची अट आणि घरची रीत समोरासमोर आल्या. नवरी म्हणाली, रीत सोडा. आई म्हणाली, मी सोडणार नाही. तोडगा आजींनी काढला: "तुळस मांडवाबाहेर असली म्हणजे झालं. किती बाहेर ते कुठं लिहिलंय?" गेरू लावलेली तुळशीची कुंडी मांडवाच्या कडेला, खांबापासून हातभर अंतरावर ठेवली. तिच्याजवळ पाट.

मुहूर्ताला धरणाकडून वारा सुटला. अंतरपाट फडफडायला लागला, तेव्हा नवरीच्या दोघा भावांनी खालची टोकं पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरली. माइक आम्ही लावलाच नव्हता. वाऱ्यात तो नुसता घोंघावतो. खुर्च्या अर्धवर्तुळात जवळजवळ मांडलेल्या, त्यामुळे आत्याने आणि मावशीने म्हटलेली मंगलाष्टकं शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेली. त्यातलं एक आत्याने स्वतः रचलेलं, ज्यात निफाडची बाग आणि पुण्याची पर्वती दोन्ही आल्या. आई पाटावर बसलेली. हातात तांब्या आणि पळी. एकेक पळी पाणी ती कुंडीत सोडत होती आणि मान वर करून लेकीकडे बघत होती. चौथ्या अष्टकापर्यंत पळी तशीच भरलेली हातात राहिली. शेजारी उभ्या आजींनी हळूच तिच्या कोपराला स्पर्श केला, मग पाणी पडलं. 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, आणि अक्षतांची पहिली मूठ आईने बसल्या जागेवरून टाकली.

होमाची वेदी आम्ही गोणपाटाच्या आडोशात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला घेतली होती. जवळ वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या. फटाक्यांना आणि शेकोटीला मळ्याने आधीच नकार दिला होता. पिकलेल्या द्राक्षावर धूर बसला तर त्याचा वास वाईनमध्ये उतरतो, आणि उरलेल्या ओळींची तोडणी पुढच्या आठवड्यात होती.

सप्तपदी झाली आणि नवराबायकोला आम्ही अर्धा तास सोडून दिलं. सोबत फोटोग्राफर नाही, करवली नाही. अंधारात ओळींच्या टोकापर्यंत ते दोघं चालत गेले आणि जेवायची हाक आल्यावर परतले. द्राक्षमळा रोमँटिक असतो असं सगळे म्हणतात, पण लग्नाच्या दिवशी जोडप्याला तिथं एकटं कोणी सोडत नाही. अंतरपाटाआधी एकमेकांना पाहायचं नाही हे दोघांनी ठरवलं होतं, म्हणून फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत, धरणाकडचं धुकं विरायच्या आत काढले.

रिसेप्शनची रांग आणि राजाराणीच्या खुर्च्या नव्हत्या. पंगत होती, टेबलावर केळीची पानं: मसालेभात, अळूचं फतफतं, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी, आणि निफाडच्या बायकांनी समोर खापरावर भाजलेले मांडे. नवरानवरीने पानोपानी तूप वाढलं, प्रत्येकाशी दोन शब्द बोलले. आहेराच्या रांगेत दहा सेकंद मिळतात, इथं वाटी रिकामी होईपर्यंत वेळ होता. आत्यांनी नाव घ्यायला लावलंच. कन्यादान करणाऱ्या आईवडिलांचा तोवर उपास असतो आणि तरी यजमान म्हणून ते शेवटच्या पंगतीला बसतात, हे मला नेहमी खटकत आलं आहे. इथं पहिल्या पंगतीत पहिली दोन पानं त्यांची होती.

दुपारी तिशी ओलांडलेला पारा रात्री पंधराच्या खाली जातो, म्हणून प्रत्येक खुर्चीला शाल. जनरेटर आवाज न येईल एवढा दूर. दहाला स्पीकर बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा तो लावता येत नाही, आणि शेजारी वस्तीवर पहाटे चारला उठणारे तोडणीचे मजूर झोपलेले असतात. मित्रांनी मग गच्चीवर बसून स्पीकरविना गाणी म्हटली.

खर्चाचं एवढंच सांगतो: स्टेज, फुलांच्या भिंती आणि डीजेवर वाचलेला पैसा मुख्यतः बस, चांगली स्वच्छतागृहं, शाली आणि वयस्करांसाठी बॅटरीवरची गाडी यात गेला.

जाण्यापूर्वी गुरुजींची सही, तीन साक्षीदारांच्या सह्या आणि कागदपत्रांच्या प्रती घेऊन विवाह नोंदणीचा अर्ज तयार केला. नंतर साक्षीदार गोळा करणं फार जड जातं, म्हणून सगळे एकत्र असताना हे उरकावं.

गावजेवण राहिलं होतं. ते मामांनी मार्चअखेरीस, शेवटचा कंटेनर भरून गेल्यावर, निफाडच्या मळ्यात घातलं. लग्नाला बोलावता न आलेली भावकी तिथं आली, रुसलेले चुलतकाकाही आले, आणि जेवून झाल्यावर त्यांनी नवऱ्या मुलाला शेजारी बसवून घेऊन तासभर त्याच्या नोकरीची चौकशी केली.